रिकामी सरळ, भरली की वाकडी

"गाडी थरथरते," असं म्हणत कुणी आलं की मी पहिला प्रश्न विचारायचो, "कुठं?" त्यावर बहुतेक जण गावाचं नाव सांगत. कुणी म्हणे लोणीजवळ, कुणी म्हणे नांदगाव पेठेच्या पुढं. मला हवं असायचं ते वेगळंच. थरथर हातात येते की बुडाखाली? स्टेअरिंग धरलेले हात थरथरत असतील तर बहुधा पुढच्या चाकांत काहीतरी असतं. सीट थरथरत असेल तर मागच्या चाकांत, नाहीतर इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्यात, म्हणजे शाफ्टमध्ये. आणि हात, बूड दोन्ही ठीक असून माणूसच थरथरत असेल, तर त्याला आधी चहा पाजायचा.

अमरावतीत बडनेरा रोडवर माझं वर्कशॉप होतं. सगळ्या गाड्या यायच्या, पण माझा जीव पिकअपमध्ये. पिकअप म्हणजे आमच्या वऱ्हाडातला खरा राबता प्राणी. आठवडाभर सोयाबीन, ढेप, सिमेंट वाहायचं, शनिवारी मंडपाचे बांबू आणि रविवारी नवरदेवाकडचे पाहुणे. एवढं सोसल्यावर कुणीही वाकडं चालेल. ती वाकडी का चालते, कशानं थरथरते, एवढंच मी आयुष्यभर शोधलं. इंजिनाचं काम करणारे मिस्त्री पुष्कळ होते. मी मात्र गाडी खोलण्यापेक्षा गाडीत बसायचो जास्त. मालकाला शेजारी बसवायचं, गाडी रस्त्यावर काढायची आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणं मालकांना सगळ्यात जड जायचं.

या धंद्यानं माझं एक नुकसान केलं, ते आधीच सांगून टाकतो. बायकोसोबत गाडीत बसून मी कधी निवांत गप्पा मारल्या नाहीत. ती माहेरचं काही सांगत असायची आणि माझं लक्ष मागच्या बेअरिंगच्या घुरघुरीकडं. शेवटी ती म्हणाली, "तुमच्यासंगं जाण्यापरीस येष्टीनं गेलेलं बरं." मी एसटीत शेजारी बसलो तरी तेच व्हायचं, हे तिला नंतर कळलं.

काही दुखणी अगदीच साधी निघायची. दर्यापूरकडचे एक शेतकरी आले, नवीकोरी वाटावी अशी धुतलेली पिकअप घेऊन. जरा वेग घेतला की स्टेअरिंग थडथड उडायचं. त्यांनी टायर बदलले होते, बॅलन्सिंग दोनदा करून झालं होतं. मी गाडीखाली शिरलो आणि चाकाच्या आतल्या बाजूनं हात घातला. रिमच्या आत काळ्या मातीचा वाळून दगड झालेला एक थर बसला होता, एकाच बाजूला. बॅलन्सिंग झाल्यावर गाडी पुन्हा चिखलात गेली होती आणि पुन्हा माती भरली होती. चाकाच्या एका बाजूला असं वजन चिकटलं की ते फिरताना हिसके देतं, एवढीच गोष्ट. मी पहारीनं ढेकूळ पाडलं.

"हे मायाच वावरातली माती हाये का?" त्यांनी ढेकूळ हातात घेऊन विचारलं.

"मंग का पुण्याहून आली असन?"

ते हसले नाहीत. त्यांनी ढेकूळ पिशवीत घातलं. "चांगली माती हाये, भाऊ. इथं कायले टाकू?"

आणि मूर्तिजापूरचे एक रिटायर्ड गुरुजी होते. उन्हाळ्यात पिकअपवर टाकी ठेवून पाणी पोचवायचे. त्यांची तक्रार अशी की गाडी सकाळी निघताना घोड्यासारखी उधळते आणि अमरावतीत माझ्या दारात येईपर्यंत गाईसारखी शांत होते. तीनदा आले, तीनदा गाडी शांत. "इंगळेभाऊ, गाडी तुमाले भेते," ते म्हणाले. शेवटी मीच त्यांच्याकडं मुक्कामाला गेलो. रोडगे आणि वांग्याची भाजी असा बेत होता, त्यामुळे मला तपासाची घाई नव्हती. सकाळी अंगणात पाहतो तर गाडी पाण्यानं भरलेली टाकी पाठीवर घेऊन रात्रभर उभी. जुने टायर, हवा कमी, वर एवढं ओझं. टायर खालच्या बाजूनं चपटे होऊन बसायचे. थोडं चालून गरम झाले की पुन्हा गोल. गुरुजींना म्हटलं, हवा पुरी ठेवा आणि टाकी सकाळी भरा. त्यांनी दोन्ही केलं. गाडीची भीती गेली. मला मात्र रोडग्यांचं बोलावणं पुन्हा आलं नाही, याचं वाईट वाटतं.

पण मला मनापासून सांगायची आहे ती प्रतिभाताई तायडेंची गोष्ट.

प्रतिभाताई मूर्तिजापूरच्या. अकोल्याच्या तेलमिलमधून सरकीची ढेप, म्हणजे जनावरांची पेंड, आणायची आणि मूर्तिजापूरपासून बडनेऱ्यापर्यंत दुधाच्या म्हशी पाळणाऱ्यांना पोचवायची, हा त्यांचा धंदा. आधी नवरा, दिलीपभाऊ, गाडी चालवायचे. त्यांच्या कमरेनं दगा दिला, तेव्हा प्रतिभाताईंनी लायसन काढलं आणि स्टेअरिंग हातात घेतलं. दिलीपभाऊ घरून फोनवर गिऱ्हाईक सांभाळू लागले. डॅशबोर्डवर छोटा पंचशील ध्वज, मागच्या काचेवर पोरीचं नाव, आणि आत ढेपेचा तो तेलकट गोडसर वास. गाडी स्वच्छ ठेवलेली. गाडी पाहूनच चालवणारा कसा आहे ते थोडंफार कळतं.

त्या आल्या तेव्हा सोबत दीर होता, विनोद. अमरावतीत कुणा साहेबांची कार चालवायचा. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री, आणि बोलण्यातही तीच इस्त्री.

"भाऊ, गाडी ओढते," प्रतिभाताई म्हणाल्या.

"कोणीकडं?"

हा प्रश्न त्यांना आधीही पुष्कळांनी विचारला असावा. "दोन्हीकडं," त्या म्हणाल्या. "रेस देल्ली का डाव्या अंगाले, ब्रेक मारला का उजव्या अंगाले."

विनोद हसला. "पाहा भाऊ. एकडाव इकडं, एकडाव तिकडं. गाडी काय दारू पिऊन हाये का? हात बसला नाई वहिनीचा, दुसरं काई नाई."

मग सगळी हकीकत निघाली. कुरणखेडजवळ पुढच्या ट्रॅक्टरनं एकदम वेग कमी केला, म्हणून त्यांनी ब्रेक मारला. भरलेली गाडी सरळ थांबण्याऐवजी उजवीकडं फिरली आणि दुभाजकाला घासून उभी राहिली. मागून येणाऱ्या बसचा ड्रायव्हर जागा होता म्हणून वाचल्या. त्यानंतर दोन मिस्त्र्यांनी गाडी पाहिली, चालवली आणि ठीक आहे म्हणून परत दिली. विनोदनं स्वतः चालवून पाहिली. त्यालाही ती ठीकच वाटली. घरी बैठक झाली. सासूबाईंनी सांगितलं, आता पुरे. विनोदनं साहेबांची नोकरी सोडायची आणि पिकअप चालवायची, प्रतिभाताईंनी घर पाहायचं. दिलीपभाऊ काही बोलले नव्हते. प्रतिभाताईंनी फक्त एवढंच मागितलं होतं की एकदा अमरावतीच्या इंगळ्यांना दाखवू आणि मग ठरवू.

विनोद टायर पाहायला पलीकडं गेला, तशा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, माही चूक असन तर तसंच सांगा. माया तोंडाकडं पाहू नका. मी गाडी सोडून देतो. माया मागं पोरगी हाये." (आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात.)

मी त्यांना 'बरं' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

टायर पाहिले, हवा पाहिली. पुढची चाकं हलवून बघितली, ब्रेक खोलले, अलाइनमेंट लावली. सगळं जागच्या जागी. गाडी बडनेऱ्यापर्यंत नेऊन आणली, भर रस्त्यात हात सोडून पाहिला, कचकन ब्रेक मारले. गाडी दोरी धरून चालल्यासारखी सरळ. विनोद शेजारी बसून प्रत्येक वेळी घसा साफ करत होता.

पण माझ्या डोक्यात ते 'दोन्हीकडं' अडकलं होतं. पुढच्या चाकाचा दोष असेल तर गाडी सहसा एकाच बाजूला ओढते, रोज, न चुकता. ब्रेकचा दोष असेल तर ती फक्त ब्रेक मारल्यावर ओढते. रेस दिली की एकीकडं आणि ब्रेक मारला की दुसरीकडं, असं कुणी मनानं रचून सांगत नाही. खोटं सांगणारा माणूस ऐकणाऱ्याला पटेल असं सांगतो.

"ताई, रिकामी असताना ओढते का?"

"रिकामी कवा असते, भाऊ? जातानी रिकामी, तवा मी पोरीले फोन करतो का काय स्वयंपाक केला. तवा काईच वाटत नाई."

"मंग उद्या मी येतो अकोल्याले. भरलेली पाहू."

विनोद म्हणाला, "मी बी येतो." त्याला साक्षीदार व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलमधून ढेपेची पोती भरली. आम्ही तिघं पुढं बसलो, मी मधे. प्रतिभाताईंनी अकोल्यातून गाडी बाहेर काढली. मी त्यांचे हात पाहत होतो. घट्ट धरलं नव्हतं, ढिलंही नव्हतं. समोरचा काय करणार ते त्या लांबूनच ओळखत आणि आधीच वेग कमी करत. रस्ता मोकळा झाल्यावर मी म्हटलं, "आता जरा रेस द्या." नाक किंचित डावीकडं गेलं. त्यांनी सावरलं. "आता हळू ब्रेक." उजवीकडं. फार नाही, पण खुर्चीखालून कुणी चटई ओढावी तसं.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या.

"हे हातानं बी होते, वहिनी," विनोद म्हणाला. "थांबा. मले द्या."

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि उतरून जागा दिली. विनोदनं आरसा नीट केला, सीट मागं घेतली, बाह्या दुमडल्या. मी त्याला बजावलं, डाव्या बाजूनं चालव, वेग वाढवू नको. त्यानं हो म्हटलं आणि माझं ऐकलंही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. बोरगाव मंजूच्या अलीकडं शेळ्यांचा एक कळप रस्त्याच्या कडेला चरत होता. त्यातल्या एकीला पलीकडचं गवत आवडलं. विनोदनं ब्रेक मारला.

गाडी उजवीकडं गेली. त्यानं स्टेअरिंग डावीकडं पिळलं, ब्रेक सोडला, तशी गाडी एकदम डावीकडं आली आणि कच्च्या कडेवर उतरून धुरळ्यात थांबली. शेळी केव्हाच पलीकडं पोचली होती. मागं कुणी नव्हतं, हे आमचं नशीब.

विनोदचे दोन्ही हात अजून स्टेअरिंगवर होते. मग तो उतरला, बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. इस्त्रीचा शर्ट पार भिजला.

"वहिनी," तो म्हणाला, "हे तं खरंच ओढते वो."

मला वाटलं, प्रतिभाताई आता त्याला सुनावतील. त्यांचा हक्कच होता. त्या मैलाच्या दगडावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. रडत असाव्यात म्हणून मी दुसरीकडं पाहिलं. पण त्या रडत नव्हत्या. पदराआड नुसता श्वास घेत होत्या, लांब लांब. मग म्हणाल्या, "मले वाटे मी येडी झालो. रोज रात्री मी मनातल्या मनात तोच ब्रेक मारो, अन् पाहो का माहा हात कुठं चुकला."

मी सुतळी काढली. पुढच्या चाकाच्या मधोमधपासून मागच्या चाकाच्या मधोमधपर्यंत, आधी उजव्या बाजूनं मापली, गाठ मारली. मग तीच सुतळी डाव्या बाजूनं लावली. गाठ पुरली नाही. डावं मागचं चाक दोन बोटं मागं सरकलेलं होतं.

"विनोद, पकड इथं. पाह्य."

त्यानं स्वतः पुन्हा मापलं. मग गाडीखाली माझ्याशेजारी मातीत आडवा झाला. मी टॉर्च मारून दाखवलं. मागच्या चाकांना जोडणारा जाड दांडा, म्हणजे एक्सल, तो कमानीवर बसवलेला असतो. कमान म्हणजे एकावर एक रचलेले लोखंडी पाटे. त्या पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो. तो एक्सलला जागेवरून सरकू देत नाही. दोन बाजूंनी मोठे वाकडे बोल्ट असतात, ते सगळं आवळून धरतात. डाव्या बाजूचा मधला बोल्ट तुटला होता आणि आवळणारे बोल्ट सैल पडले होते. ज्या जागी एक्सल घासत होता तिथलं लोखंड चांदीसारखं चकाकत होतं. रिकाम्या गाडीत जोर कमी, म्हणून एक्सल तिथंच बसून राहायचा. भरलेल्या गाडीत रेस दिली की तो पुढं सरकायचा, ब्रेक मारला की मागं. म्हणजे मागची चाकंच गाडी वळवत होती, आणि पुढं बसलेली बाई उगाच स्वतःच्या हातांवर संशय घेत होती.

"कमानीचं काम कुठं केलं होतं, ताई?"

"काईच काम नाई केलं."

पण डाव्या बाजूचा सगळ्यात खालचा पाटा इतरांपेक्षा नवा दिसत होता. त्यांनी दिलीपभाऊंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून खाकरणं ऐकू आलं.

"एक एक पाटा वाढवून घेतला होता दोन्हीकडं," दिलीपभाऊ म्हणाले. "तू म्हणे का गाडी मागून बसते, गचके बसतेत. तू माहेरी गेल्ती तवा मिस्त्रीच घरून घेऊन गेला. म्हटलं आल्यावर तुले बरं वाटन."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तू आली अन् म्हणाली, आता गाडी चांगली चालून राहिली. म्हटलं, कळलंच असन."

प्रतिभाताईंनी फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडं पाहिलं. आणि मग त्या हसायला लागल्या. इतक्या, की शेळ्यावाला काठी खांद्यावर घेऊन बघत उभा राहिला. विनोदही हसला. पाटा वाढवण्यात चूक नव्हती. पण ज्यानं ते काम केलं त्यानं जाड झालेल्या कमानीला मधला बोल्ट हलका लावला, आणि थोडी धाव झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळायला यायचं असतं, हे सांगितलं नाही. सांगितलंही असेल. दिलीपभाऊंनी मग ते कुणाला सांगितलं असतं?

मी रस्त्यावरच सैल बोल्ट जमेल तितके आवळले आणि चालत्या बैलगाडीच्या वेगानं गाडी परत अकोल्याला नेली. तिथं रहीमभाई कमानवाले माझे जुने दोस्त. त्यांनी गाडीखाली डोकावून कपाळावर हात मारला. "इंगळेभाई, ये तो अल्लाने बचाया. माल उतारो पहले."

माल उतरवायला हमाल मिळेना, लग्नसराईत कुठून मिळणार? विनोदनं कुणाला न विचारता पहिलं पोतं पाठीवर घेतलं. प्रतिभाताई म्हणाल्या, "ठेवा, मी हात लावतो." तो म्हणाला, "तुमी बसा." दुपारच्या उन्हात त्यानं सगळी पोती उतरवली. रहीमभाईंनी दोन्ही बाजूंच्या कमानी खोलल्या, योग्य जाडीचे मधले बोल्ट लावले, आवळणारे बोल्ट नवे घातले. मी सुतळीनं चारदा मापलं. मग विनोदनं सगळी पोती पुन्हा चढवली. पांढरा शर्ट ढेपेच्या रंगाचा झाला होता आणि त्याला तेलमिलचा वास येत होता. साहेबांनी पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

ऊन उतरल्यावर निघालो. मी सांगितलं, चालवणार प्रतिभाताई. विनोदनं आधीच पलीकडचं दार उघडलं होतं. शहराबाहेर मोकळ्या रस्त्यावर मी म्हटलं, "रेस द्या." गाडी सरळ. "ब्रेक." सरळ. "जोरात मारा." मागं पोती पुढं सरकल्याचा आवाज आला, आणि गाडी आपल्या रेषेत गुडघे टेकल्यासारखी थांबली. प्रतिभाताईंनी पुन्हा एकदा मारला. तिसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं. तो त्यांनी स्वतःसाठी मारला.

"झालं, ताई," मी म्हटलं. "तुमच्या हाताले काईच झालेलं नाई."

त्यांनी मान हलवली. डोळे रस्त्यावरच होते.

"विनोदभाऊ," त्या जरा वेळानं म्हणाल्या, "मंग साहेबाची नोकरी सोडू नका. घरी मी सांगतो."

मी डावीकडं वळून पाहिलं. विनोद काचेला डोकं टेकवून झोपला होता. तोंड अर्धं उघडं, हात मांडीवर उताणे, त्यांवर पोत्यांच्या सुतळीचे लाल वळ. ज्या माणसानं काल वहिनीचा हात बसला नाही म्हणत प्रत्येक ब्रेकला घसा साफ केला होता, तो तिच्या शेजारी घोरत होता.

समोर गतिरोधक आला. प्रतिभाताईंनी गियर कमी केला आणि भरलेली गाडी इतक्या अलगद त्यावरून नेली की त्याचं डोकं काचेवरून हललंसुद्धा नाही.

"उठवू का?" मी विचारलं.

"नका उठवू, भाऊ," त्या म्हणाल्या. "दमला बिचारा. याले मूर्तिजापूरले घरीच उतरवतो."